किमान दर शून्य कसा असेल?
शून्य वगळून सगळ्यात लहान आकडा शोधण्याच्या रीती, धानाच्या बाजारभावातून समजून घेताना

तुमसरच्या बाजार समितीत धानाचा लिलाव आटोपला की दिवसाअखेर चार आकडे नोंदले जातात: आवक किती क्विंटल, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर. राज्यभरच्या बाजार समित्यांचे हेच आकडे कृषी पणन मंडळ रोज जाहीर करते. गावातली एखादी सेवा सहकारी संस्था किंवा शेतकरी उत्पादक कंपनी हे आकडे रोज एक्सेलच्या तक्त्यात भरत गेली, तर दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचा हंगाम एका पानावर डोळ्यांपुढे येतो. मग साहजिकच कोणीतरी विचारते, या हंगामात धान सगळ्यात कमी कितीला गेले?

सूत्र सोपे असते. पण उत्तर येते शून्य.

भंडारा जिल्ह्यात धान फुकट कोणी विकलेले नाही. हे शून्य आले ते बाजार बंद असलेल्या किंवा आवकच न झालेल्या दिवसांचे. ते वगळून खरा किमान दर शोधण्याच्या तीन-चार रीती आहेत. प्रत्येकीची चाल निराळी आणि प्रत्येकीची फसण्याची जागाही निराळी. मात्र कुठलीही रीत वापरण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते, ती म्हणजे तक्त्यातल्या शून्याचा अर्थ. ते माणसालाच ठरवावे लागते, सूत्राला ते कळत नाही.

टंकण्याबद्दल आधी एक सूचना. या लेखात सूत्रे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. संगणकावर त्यातली फंक्शनांची नावे, खणांची अक्षरे आणि अंक इंग्रजीच हवेत. बरोबरच्या चिन्हानंतर नावाची पहिली दोन-तीन अक्षरे टंकली की जुळणाऱ्या फंक्शनांची यादी खाली उघडते, त्यामुळे स्पेलिंग पाठ असण्याची गरज नाही.

नमुन्याचा तक्ता

समजा, दहा दिवसांच्या नोंदी आहेत. ए स्तंभात तारीख, बी मध्ये आवक, सी मध्ये कमीत कमी दर. पहिली ओळ मथळ्यांची, म्हणून आकडे दुसऱ्या ओळीपासून अकराव्या ओळीपर्यंत. सी स्तंभातले दर क्रमाने असे आहेत:

२१५०, ०, २१८०, २१००, ०, २१२०, २२००, ०, २०९०, २१६०

हे दर समजून घेण्यापुरते कल्पिलेले आहेत. नुसत्या डोळ्यांनी पाहिले तरी कळते की उत्तर २०९० यायला हवे. शिकताना असाच लहान तक्ता घ्यावा. उत्तर आधी माहीत असले की सूत्र खरे बोलते की खोटे, हे लगेच ताडता येते.

आता साधे सूत्र लिहू:

=मिन(सी२:सी११)

मिन म्हणजे एम-आय-एन. हे फंक्शन दिलेल्या खणांतले आकडे एकेक पाहते आणि आतापर्यंतच्या लहानात लहान आकड्यापेक्षा लहान आकडा दिसला की तो धरून ठेवते. रिकामा खण ते ओलांडून जाते. मजकूर असलेला खणही ओलांडते. शून्य मात्र आकडा आहे आणि २०९० पेक्षा लहान आहे, म्हणून उत्तर शून्य.

आणखी एक बारकावा इथेच ध्यानात ठेवावा. सगळे खण रिकामे असले तरी मिन चूक दाखवत नाही, शून्यच देते. म्हणजे ‘सगळ्यात लहान आकडा शून्य आहे’ आणि ‘आकडाच नाही’ या दोन्ही गोष्टी ते एकाच तोंडाने सांगते.

हे शून्य येतात कुठून?

काही शून्य माणूस स्वतः टाकतो. रविवारी लिलाव नव्हता, रकाना मोकळा दिसायला नको, म्हणून शून्य. साहेबांना पाठवायच्या तक्त्यात एकही खण कोरा राहू नये, अशी सवय कचेऱ्यांत मुरलेली आहे.

पण पुष्कळ शून्य कोणीही न टाकता उगवतात. एका शीटमधला खण दुसऱ्या शीटमध्ये बरोबरचे चिन्ह देऊन ओढून आणला आणि मूळ खण कोरा असला, तर नव्या जागी कोरे काही येत नाही, शून्य येते. व्हीलुकअपने दुसऱ्या तक्त्यातून रिकामा खण उचलला तरी तेच घडते. सात तालुक्यांच्या सात शीट आणि जिल्ह्याचे एक गोषवारा शीट, अशी रचना असेल तर गोषवाऱ्यात शून्यांचे पीक याच वाटेने येते. तिथेच ते थांबवता येते:

=इफ(शीट२!सी५="","",शीट२!सी५)

म्हणजे मूळ खण कोरा असेल तर इथेही कोरे दाखव, नाहीतर आकडा आण. अवतरणचिन्हांची मोकळी जोडी म्हणजे रिकामा मजकूर. मिन मजकूर ओलांडून जाते, त्यामुळे अर्धे काम इथेच होते.

एक्सेलमध्ये शून्य दाखवू नये अशीही सोय आहे. ती चालू असेल तर खण कोरा दिसतो, पण आत शून्य बसलेले असते. म्हणून शंका आली की त्या खणावर क्लिक करून वरच्या सूत्रपट्टीत काय दिसते ते पाहावे.

पहिली रीत: शून्य मोजा आणि पुढचा आकडा घ्या

स्मॉल (एस-एम-ए-एल-एल) हे फंक्शन चढत्या क्रमाने लावल्यावर कितव्या क्रमांकाला कोणता आकडा येतो ते सांगते. आपल्या तक्त्यात पहिले तीन क्रमांक तिन्ही शून्यांचे, चौथा २०९० चा, पाचवा २१०० चा. म्हणजे शून्य किती ते मोजायचे आणि त्यात एक मिळवायचा. मोजण्याचे काम काउंटइफ करते:

=स्मॉल(सी२:सी११,काउंटइफ(सी२:सी११,०)+१)

आतून बाहेर वाचू. काउंटइफने तीन शून्य मोजले. तिनात एक मिळवून चार झाले. स्मॉलने चौथा लहान आकडा दिला: २०९०. ही रीत फार जुन्या एक्सेलमध्येही चालते, लिब्रेऑफिसमध्ये आणि गुगल शीट्समध्येही चालते. सगळेच दिवस शून्याचे असतील तर ती चूक झाल्याचा संदेश देते, कारण अकरावा आकडा अस्तित्वातच नाही. हा संदेश उपकारक समजावा. खोट्या शून्यापेक्षा उघड चूक बरी.

तिच्या फसण्याच्या जागा दोन. पहिली ऋण आकड्यांची. बचत गटाच्या नफा-तोट्याच्या रकान्यात उणे ५०० असेल तर चढत्या क्रमात तो शून्याच्याही आधी येतो आणि ‘पहिले तीन क्रमांक शून्यांचे’ हे गणितच मोडते. फक्त धन आकड्यांतला लहान आकडा हवा असेल, तर काउंटइफच्या अटीत नुसते ० न लिहिता "<=०" लिहावे, म्हणजे ऋण आणि शून्य दोन्ही मोजून ओलांडले जातात.

दुसरी जागा लवकर ध्यानात येत नाही. एखादे शून्य मजकूर म्हणून साठलेले असेल, तर काउंटइफ त्यालाही शून्यच मोजते, पण स्मॉल मजकुराकडे पाहतच नाही. मोजणी एकाने वाढते आणि क्रमवारी वाढत नाही. मग सूत्र एक खरा आकडा ओलांडून पुढचा देते, म्हणजे २०९० ऐवजी २१००. चूक दिसत नाही, उत्तरही पटण्याजोगे असते, म्हणून ही चूक महिनोन्महिने लपून राहू शकते.

दुसरी रीत: आधी गाळा, मग शोधा

धान उफणताना पोचट वाऱ्यावर जाते आणि भरलेला दाणा खाली राहतो. या रीतीतही निवड आधी होते आणि शोध नंतर.

=मिन(इफ(सी२:सी११>०,सी२:सी११))

आतले इफ प्रत्येक खणाला विचारते, तू शून्यापेक्षा मोठा आहेस का? असेल तर तो आकडा पुढे जातो. नसेल तर काय करायचे ते आपण सांगितलेलेच नाही, म्हणून त्या जागी ‘असत्य’ हे तार्किक मूल्य येते. मिनच्या हातात पडणारी यादी अशी होते: २१५०, असत्य, २१८०, २१००, असत्य, २१२०, २२००, असत्य, २०९०, २१६०. अशा यादीतली तार्किक मूल्ये मिन मोजत नाही. उत्तर २०९०.

इथे पुष्कळांचा हात एका जागी घसरतो. इफला तिसरा भाग हवाच, असे वाटून ते शेवटी शून्य लिहितात. म्हणजे ज्या शून्यांना दाराबाहेर काढले त्यांनाच मागच्या दाराने आत घेतले. तिसरा भाग लिहू नये, किंवा लिहायचाच तर अवतरणचिन्हांची मोकळी जोडी लिहावी.

हे ॲरे सूत्र आहे, म्हणजे एका खणावर नव्हे तर खणांच्या सबंध रांगेवर एकदम चालणारे. जुन्या एक्सेलमध्ये ते लिहून झाल्यावर नुसते एंटर दाबून चालत नाही. कंट्रोल आणि शिफ्ट धरून एंटर दाबावे लागते. तसे केले की सूत्राभोवती महिरपी कंस आपोआप येतात. ते हाताने टंकले तर उपयोग होत नाही. मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि अलीकडच्या एक्सेलमध्ये साधे एंटर पुरते. गुगल शीट्समध्ये हीच तीन बटणे दाबली की सूत्राला ॲरेफॉर्म्युला या नावाचे वेष्टण चढते.

ऋण आकडे राखून केवळ शून्य वगळायचे असतील तर >० च्या जागी <>० लिहायचे. उलटसुलट टोकांची ही जोडी ‘बरोबर नाही’ असे सांगते. कोरा खण अशा तुलनेत शून्यासारखाच धरला जातो, त्यामुळे तोही आपसूक बाहेर राहतो.

तिसरी रीत: अटीसह किमान

हाच व्याप एका फंक्शनात बसवलेला आहे. त्याचे नाव मिनइफ्स, म्हणजे एम-आय-एन-आय-एफ-एस:

=मिनइफ्स(सी२:सी११,सी२:सी११,">०")

पहिला भाग कुठल्या आकड्यांतून लहान शोधायचा त्याचा, दुसरा अट कुठल्या खणांवर तपासायची त्याचा, तिसरा त्या अटीचा. इथे दोन्ही खण-रांगा एकच आहेत म्हणून तेच दोनदा लिहिले. अट अवतरणचिन्हांत हवी. दोन्ही रांगा सारख्या लांबीच्या हव्यात. एक सी११ पर्यंत आणि दुसरी सी१२ पर्यंत गेली की चूक येते.

एक्सेल २०१९ पासून आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये हे फंक्शन आहे. लिब्रेऑफिसमध्ये ते २०१६ साली ५.२ या आवृत्तीत आले. गुगल शीट्समध्येही आहे. नुसत्या एक्सेल २०१३ मध्ये मात्र ते लिहिले तर नाव ओळखता येत नाही, असा संदेश येतो. आपण घरच्या नव्या संगणकावर बनवलेली फाईल कचेरीतल्या जुन्या यंत्रावर अडखळते, त्यामागे बहुधा हेच कारण असते. तसे असेल तर पहिली किंवा दुसरी रीत धरावी.

मिनइफ्सची खरी ताकद एकाहून जास्त अटींत आहे. समजा तक्ता मोठा आहे, एफ स्तंभात बाजाराचे नाव आणि जी स्तंभात धानाची जात. तुमसरला एचएमटीचा सगळ्यात कमी दर किती होता?

=मिनइफ्स(सी२:सी५००,एफ२:एफ५००,"तुमसर",जी२:जी५००,"एचएमटी",सी२:सी५००,">०")

बारीक दाण्याचे एचएमटी हे वाण शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात निवडून निवडून तयार केले. जाड १०१० आणि बारीक एचएमटी यांचे दर एकाच रांगेत ठेवून किमान काढला तर तो जाड धानाचाच निघण्याचा संभव मोठा, आणि बारीक धान पिकवणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. म्हणून जातीची अट शून्याच्या अटीइतकीच महत्त्वाची. नावे मात्र सगळीकडे एकसारखी लिहिलेली हवीत. एका ओळीत ‘एचएमटी’ आणि दुसरीत ‘एच.एम.टी.’ असेल तर दुसरी ओळ अटीत बसत नाही, आणि सूत्र तशी तक्रारही करत नाही.

एक सावधगिरी राहिली. अटीत एकही ओळ बसली नाही तर मिनइफ्ससुद्धा शून्यच देते. मग ज्या शून्यापासून सुटायचे तेच पुन्हा समोर. यावर असे कुंपण घालावे:

=इफ(काउंटइफ(सी२:सी११,">०")=०,"आवक नाही",मिनइफ्स(सी२:सी११,सी२:सी११,">०"))

आधी विचारायचे, शून्यापेक्षा मोठा एकतरी आकडा आहे का? नसेल तर शब्दांत सांगायचे, असेल तरच किमान काढायचा.

जुन्या एक्सेलवाल्यांसाठी आणखी एक वाट आहे. ॲग्रिगेट हे फंक्शन एक्सेल २०१० पासून आहे:

=ॲग्रिगेट(१५,६,सी२:सी११/(सी२:सी११>०),१)

यात १५ म्हणजे ‘स्मॉलसारखे वाग’, ६ म्हणजे ‘चुका ओलांड’ आणि शेवटचा १ म्हणजे पहिला लहान आकडा. मधला भागाकार मुद्दाम चुका घडवतो. आकडा शून्यापेक्षा मोठा असेल तर अट सत्य, म्हणजे एक, आणि एकाने भागून आकडा तोच राहतो. शून्य असेल तर अट असत्य, म्हणजे शून्य, आणि शून्याने भागल्यामुळे चूक येते. चुका ओलांडायला सांगितलेलेच आहे. तीन बटणांची कसरत लागत नाही, हा याचा फायदा. गुगल शीट्समध्ये मात्र हे फंक्शन नाही.

अट दरावर की आवकेवर?

आतापर्यंत अट दरावरच घातली. पण आपल्याला खरे तर विचारायचे आहे की ज्या दिवशी धान आले, त्या दिवसांत किमान दर किती. मग अट आवकेवर घालून पाहू:

=मिनइफ्स(सी२:सी११,बी२:बी११,">०")

तक्ता नीट भरलेला असेल तर दोन्ही सूत्रांचे उत्तर एकच येईल. दुसऱ्याचे उत्तर शून्य आले तर समजावे की एखाद्या दिवशी आवक नोंदली पण दर भरायचा राहिला. पहिले सूत्र ही चूक झाकून पुढे गेले असते. अशा ओळी किती आहेत तेही मोजता येते:

=काउंटइफ्स(बी२:बी११,">०",सी२:सी११,०)

याचे उत्तर शून्यच यायला हवे. वेगळे आले तर आधी बाजार समितीच्या पत्रकाशी ताळा घ्यावा आणि किमान दर नंतर काढावा.

तो दिवस कोणता?

२०९० हा दर कळला की पुढचा प्रश्न तारखेचा. समजा किमान दराचे सूत्र एच१ या खणात आहे. मग:

=इंडेक्स(ए२:ए११,मॅच(एच१,सी२:सी११,०))

मॅच सांगते की हा आकडा यादीत नवव्या जागी आहे, आणि इंडेक्स तारखांच्या यादीतली नववी तारीख काढून देते. मॅचमधले शेवटचे ० म्हणजे तंतोतंत जुळणारा आकडा हवा. तोच दर दोन दिवशी असेल तर पहिलाच दिवस मिळतो, हे ध्यानात ठेवावे.

या आकड्याची हमीभावाशी तुलना केली की तो बोलू लागतो. २०२४-२५ च्या खरीप हंगामात साधारण धानाला केंद्राचा हमीभाव क्विंटलला २३०० रुपये होता आणि ‘अ’ प्रतीला २३२०. आपल्या नमुन्यातला किमान दर साधारण धानाच्या हमीभावापेक्षा २१० रुपयांनी खाली आहे. शून्य तसेच राहिले असते तर तफावत २३०० रुपयांची दिसली असती आणि तो तक्ता कोणी गंभीरपणे घेतला नसता. धान आधारभूत खरेदी केंद्रावर न्यायचे की बाजारात, याचा हिशेब घालणाऱ्याला हा २१० चा आकडा कामाचा आहे.

सरासरीचेही तसेच. दहाही दिवस धरले तर आपल्या किमान दरांची सरासरी येते १५००. शून्याचे तीन दिवस सोडून सातांवर काढली तर २१४३. त्यासाठी =ॲव्हरेजइफ(सी२:सी११,">०") लिहावे.

आकड्यासारखा दिसणारा मजकूर

कचेरीतल्या हातांना रकमेपुढे तिरपी रेघ आणि आडवी रेघ काढायची सवय असते: २०९०/-. कागदावर ती योग्यच आहे, पुढे कोणी आकडा वाढवू नये म्हणून. तक्त्यात मात्र असे टंकले की तो खण मजकुराचा होतो आणि मिन त्याला ओलांडून जाते. नेमका तोच हंगामातला सगळ्यात कमी दर असेल तर उत्तर २१०० येईल, आणि शून्यही नाही म्हणून कोणाला शंकाही येणार नाही. आकड्यामागे ‘रु.’ लिहिणे किंवा आकड्याआधी वरचे अवतरणचिन्ह टाकणे, यांनीही हेच होते.

ओळखण्याची खूण सोपी आहे. खणाला वेगळी मांडणी दिली नसेल तर आकडे उजव्या बाजूला चिकटतात आणि मजकूर डाव्या. रकान्यात एखादाच आकडा डावीकडे सरकलेला दिसला की तो तपासावा. खात्रीसाठी =काउंट(सी२:सी११) आणि =काउंटए(सी२:सी११) ही दोन सूत्रे शेजारी ठेवावीत. पहिले फक्त आकडे मोजते, दुसरे भरलेले सगळे खण. दोघांत फरक पडला तर कुठेतरी मजकूर दडला आहे.

याउलट, लिलाव झालाच नाही त्या दिवशी खणात ‘निरंक’ किंवा ‘बंद’ असे लिहिले तर ते मजकूर असणेच आपल्या फायद्याचे. साधे मिन सूत्रही तो खण ओलांडते आणि वाचणाऱ्याला कारण कळते. मात्र त्याच खणावर कोणी सरळ बेरीज-वजाबाकी केली तर चूक येईल, हेही खरे.

आणखी एक फसवा प्रकार म्हणजे शून्यासारखे दिसणारे पण शून्य नसलेले आकडे. दशांशांच्या वजाबाकीतून कधी कधी अतिसूक्ष्म शिल्लक उरते. खण दोन दशांशांपर्यंतच दाखवत असेल तर डोळ्यांना ०.०० दिसते, पण >० ही अट तो पार करतो आणि किमान म्हणून मिरवतो. अशा ठिकाणी वजाबाकीच राउंड फंक्शनने दोन दशांशांवर आणावी.

जिथे शून्य खरे असते

इथवर शून्याला आपण उपटून टाकायच्या तणासारखे वागवले. आता त्याच जिल्ह्यातला दुसरा तक्ता घेऊ, पावसाचा. महसूल मंडळात रोज सकाळी नोंदलेला पाऊस, मिलिमीटरमध्ये, बी स्तंभात. दहा दिवसांचे कल्पित आकडे: ०, १.२, १४, ०, ०.४, ३८, २.६, ०, ७१, ५.

इथले शून्य म्हणजे पर्जन्यमापकात पाहिले आणि पाणी नव्हते. ती केलेली नोंद आहे, राहून गेलेली नव्हे. सगळ्यात कमी पाऊस किती, याचे खरे उत्तर शून्यच. शून्य वगळून किमान काढला तर ०.४ मिळतो, पण तो वेगळ्याच प्रश्नाचा जबाब आहे. सरासरीचा खेळ तर उलटा होतो. दहा दिवसांत १३२.२ मिमी, म्हणजे रोज सरासरी १३.२. शून्याचे तीन दिवस काढले तर १८.९ येते आणि पावसात पडलेला खंडच नाहीसा होतो. रोवणी खोळंबली ती त्याच कोरड्या दिवसांमुळे.

पावसाच्या तक्त्यात शून्याऐवजी दुसराच उंबरठा उपयोगी पडतो. हवामान विभाग दिवसभरात २.५ मिमी किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस धरतो. मग पावसाच्या दिवसांतला सगळ्यात हलका पाऊस असा काढावा:

=मिनइफ्स(बी२:बी११,बी२:बी११,">=२.५")

उत्तर २.६. रीत तीच, अट बदलली. त्याच तक्त्यात =काउंटइफ(बी२:बी११,">६५") लिहिले तर एक मिळते. नुकसानीच्या पंचनाम्यांसाठी अतिवृष्टी ठरवताना महसूल खाते २४ तासांत ६५ मिमीपेक्षा जास्त पाऊस हाच निकष लावते.

मामा तलावांचा तक्ता याहून बोलका आहे. मालगुजारीच्या काळात बांधलेले, त्यातले पुष्कळ कोहळी समाजाच्या कसबातून उभे राहिलेले हे तलाव १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर सरकारकडे आले आणि माजी मालगुजारी, थोडक्यात मामा तलाव झाले. त्यांच्या साठ्याच्या पत्रकात मे महिन्यात उपयुक्त साठा शून्य टक्के असलेले तलाव दिसू शकतात. उपयुक्त साठा शून्य म्हणजे तलाव ठणठणीत कोरडाच असे नव्हे. पाणी सोडायच्या पातळीखाली मृत साठा उरलेला असू शकतो. पण तिथून कालव्याला पाणी मिळणार नाही, एवढे नक्की. या पत्रकावर कोणी सवयीने शून्य वगळणारे सूत्र चालवले तर ‘सगळ्यात कमी साठा ४ टक्के’ असे समाधानकारक उत्तर येईल, आणि ज्या गावाला टँकरची गरज आहे तेच गाव यादीतून गळेल.

त्यातही पेच असतो. त्याच पत्रकात एखाद्या तलावाचे शून्य हे मोजणीला कोणी गेलेच नाही म्हणून पडलेले असू शकते. खरे शून्य आणि खोटे शून्य एकाच रकान्यात बसले की कुठलेही सूत्र त्यांना वेगळे करू शकत नाही, कारण खणात दोघांचा चेहरा एकच आहे. फरक नोंद करतानाच जपावा लागतो.

तक्ता मांडतानाच

त्यासाठी तीन नियम पुरतात. मोजले आणि काही नव्हते, तर ०. मोजलेच नाही, तर खण कोरा. मोजायचा प्रश्नच नव्हता, जसे बाजार बंद, तर शेजारच्या शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहावे आणि आकड्याचा खण कोरा ठेवावा. हे नियम तक्त्याच्या डोक्यावरच एका ओळीत लिहून ठेवावेत, कारण तक्ता भरणारा, तपासणारा आणि वर्षभराने उघडणारा अशी माणसे बदलत जातात.

असा तक्ता असेल तर धानाच्या दरासाठी साधे मिन सूत्रच बरोबर उत्तर देते आणि वरच्या साऱ्या रीतींची गरज उरत नाही. त्या लागतात दुसऱ्याने भरलेल्या, आधीच शून्यांनी भरून गेलेल्या फायलींसाठी, आणि आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक फायली तशाच असतात. तेव्हा फाईल आली की आधी =काउंटइफ(सी२:सी११,०) चालवून शून्य किती ते मोजावे, त्यांतले दोन-चार उघडून कारण विचारावे, आणि ते वगळायचे की ठेवायचे हे ठरले की मगच किमान काढावा. उत्तराशेजारी ‘आवक नसलेले ३ दिवस वगळून’ एवढे लिहायला विसरू नये. २०९० हा आकडा त्या चार-पाच शब्दांसह पुढे गेला तर तो तपासता येतो. ते शब्द नसतील तर तो नुसता मानून घ्यावा लागतो.